लाखोळी कुणाच्या वाट्याची?

धान कापायला दहा-पंधरा दिवस उरलेले असतात तेव्हा गोंदिया जिल्ह्यातल्या बांध्यांमध्ये एक वेगळीच पेरणी चालते. पीक अजून उभं असतं, लोंब्या पिकून वाकलेल्या असतात, पायाखाली चिखल नसला तरी ओल असते, आणि माणूस त्या उभ्या धानात मुठीमुठीने दाणे फेकत चाललेला असतो. नांगरणी नाही, वखरणी नाही, खत नाही, पाणी तर नाहीच. धान कापून नेलं की धसकटांच्या मधून ही रोपं वर येतात आणि नुसत्या ओलीवर, थंडीतल्या दवावर फेब्रुवारीपर्यंत तयार होतात. याला आमच्याकडे उतेरा म्हणतात. उतेऱ्यात जवस असतं, कुठे हरभरा असतो, पण या पद्धतीची खरी मालकीण लाखोळी. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो: लाख, लाखोळी, हिंदीत खेसारी किंवा तिवरा, सगळं एकच. दाणा कुऱ्हाडीच्या पात्यासारखा एका बाजूला चपटा. डाळ केली की तुरीच्या डाळीत बेमालूम मिसळते. हा गुण पुढे कामाला येणार आहे, लक्षात ठेवा.

या दाण्यात पाव हिश्शाहून जास्त, साधारण २८ टक्के प्रथिनं असतात. म्हणजे तुरीपेक्षा आणि हरभऱ्यापेक्षा जास्त. खर्च जवळपास शून्य. असं पीक जगात कुणी डोक्यावर घेऊन नाचलं असतं. लाखोळीवर मात्र साडेतीनशे वर्षांपासून ठिकठिकाणचे राजे, सरकारं आणि डॉक्टर बंदी घालत आले आहेत, आणि तितक्याच सातत्याने कुणी ना कुणी ती खात आलं आहे. माझा प्रश्न त्या 'कुणी ना कुणी'बद्दल आहे. पण तो मला पडला सशांमुळे, म्हणून आधी ससे.

माझा मावसभाऊ गोरेगाव तालुक्यात राहतो. काही वर्षांपूर्वी ससेपालनाची एक लाट आली होती. पिंजरे घ्या, जोड्या घ्या, पिल्लं आम्हीच परत विकत घेऊ, असं सांगणारे लोक गावोगाव फिरत होते. त्यानेही युनिट घेतलं. विकत घेणारे पुढे फोन उचलेनासे झाले. (ही गोष्ट महाराष्ट्रात इतक्या प्राण्या-पक्ष्यांच्या नावाने घडली आहे की तिचा वेगळा लेख होईल.) बहुतेकांनी ससे विकून टाकले. याने तीसेक ठेवले, कारण त्याला ते आवडायला लागले होते आणि नागपूर-रायपूरकडची थोडी गिऱ्हाइकं त्याने स्वतः शोधली होती. अडचण एकच, खाद्याची. तयार गोळीखाद्य महाग, कारण त्यातली प्रथिनं सोयाबीनच्या पेंडेतून येतात.

मी पुण्यात कोड लिहितो, त्यामुळे घरातल्या लोकांना वाटतं की मला सगळं शोधता येतं. त्याचा फोन आला, "भाऊ, सोयाबीनची ढेप परवडत नाही. लाखोळी घरचीच हाय, चार पोते पडली हायेत. सशाला चालते का, पाहून सांग ना."

मी पाहायला बसलो आणि उत्तर मिळायला तीन महिने लागले.

पहिली गोष्ट अशी कळली की 'पर्यायी प्रथिन' हा शब्दच फार जुना नाही. पर्याय कशाला, तर सोयाबीनला. आणि सोयाबीन जगाचं पहिलं नाव झालं ते एका मासळीमुळे. दक्षिण अमेरिकेत पेरूच्या किनाऱ्यावर अँचोव्ही नावाची बारकी मासळी अफाट प्रमाणात पकडली जायची आणि तिची भुकटी युरोप-अमेरिकेतल्या कोंबड्या-डुकरांना घातली जायची. १९७२-७३ साली एल निनो आला, समुद्र तापला, मासळी बसली. सगळे सोयाबीनकडे धावले, भाव इतके चढले की जून १९७३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी सोयाबीनची निर्यातच थांबवली. जपान घाबरला आणि पुढे त्याने ब्राझीलच्या माळरानांवर सोयाबीन उभं करायला पैसा ओतला. युरोपातले पशुशास्त्रज्ञ वाटाणा, बाकला, ल्युपिन, सूर्यफुलाची पेंड असं जे मिळेल ते सशा-कोंबड्यांना घालून बघू लागले. आपल्याकडे त्याच सुमारास मध्य प्रदेशातून सोयाबीन पसरायला लागलं आणि मग विदर्भ-मराठवाड्यात आलं. तेल आपण ठेवलं, पेंड बराच काळ परदेशी जनावरांसाठी जहाजांवर चढवली. ऑगस्ट २०२१ मध्ये चक्र उलटं फिरलं. सोयाबीनने क्विंटलला दहा हजारांचा आकडा ओलांडला, कोंबडीवाले ओरडले आणि केंद्र सरकारने १२ लाख टन जनुकबदल सोयाबीनची पेंड आयात करायला परवानगी दिली. लातूरचा शेतकरी तेव्हा चिडला होता. मावसभावाच्या पिंजऱ्यांतला ससा हा या सगळ्या साखळीचं शेवटचं टोक आहे, हे त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही.

दुसरी गोष्ट जास्त रंजक निघाली. झाड आपली प्रथिनं फुकट वाटत नाही. बी म्हणजे झाडाचं पिल्लू, आणि प्रथिनं म्हणजे त्या पिल्लाची शिदोरी. शिदोरीवर पहारा असतो. सोयाबीनमध्ये असा पदार्थ असतो की तो खाणाऱ्याच्या पोटातला प्रथिनं पचवणारा रसच अडवतो. अमेरिकेत ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी १९१७ मध्ये उंदरांवर दाखवलं की सोयाबीन शिजवलं तर उंदीर वाढतात, कच्चं घातलं तर नाही. सरकीत गॉसिपॉल असतं. भुईमुगाचा पहारेकरी बाहेरचा, बुरशीच्या रूपात येतो: १९६० साली इंग्लंडमध्ये टर्कीची लाखभर पिल्लं पटापट मेली, कारण कळेना म्हणून रोगाला 'टर्की एक्स' असं नाव दिलं, आणि शेवटी धागा ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडेपर्यंत पोचला. अफ्लाटॉक्सिन हा शब्द जगाला त्या टर्कींनी दिला.

सुबाभूळ तर आपल्या घरचीच गोष्ट. सत्तरच्या दशकात उरुळीकांचनच्या 'बाएफ'ने, मणिभाई देसाईंच्या पुढाकाराने, सुबाभळीचे उंच वाढणारे वाण महाराष्ट्रभर नेले. पाल्यात भरपूर प्रथिनं, झाड कोरड्या माळावरही हिरवं. आजही आमच्याकडे धुऱ्यावर सुबाभूळ दिसते ती त्या लाटेची खूण. पण तिच्या पाल्यात मिमोसिन असतं. जास्त खाल्लं की जनावराचे केस गळतात, गलगंड होतो. ऑस्ट्रेलियात गुरं याने हैराण होती आणि हवाई बेटांवरच्या शेळ्या मात्र तीच पानं खाऊन मजेत होत्या. रेमंड जोन्स नावाच्या शास्त्रज्ञाला सुचलं की फरक शेळीत नसून शेळीच्या पोटातल्या जिवाणूंत असेल. त्याने हवाईच्या शेळ्यांच्या पोटातला रस ऐंशीच्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना दिला आणि त्यांनाही सुबाभूळ पचायला लागली. त्या जिवाणूला पुढे त्याचंच नाव मिळालं, सिनर्जिस्टिस जोनेसी. मला विचाराल तर सॉफ्टवेअरच्या जगातला कुठलाही पॅच इतका देखणा नाही.

आता सशाच्या पोटाकडे येऊ, कारण सगळा पेच तिथे आहे.

गाय चारा गिळते तो आधी कोठीपोटात जातो. ते एक मोठं आंबवणीचं पिंप आहे. अब्जावधी जिवाणू तिथे चारा फोडतात, त्याबरोबर त्यातली बरीचशी विषंही फोडतात, आणि मग माल पुढे आतड्यात शोषला जातो. म्हणजे पिंप दाराच्या आधी. सशाकडेही पिंप आहे, पण ते लहान आतडं संपल्यावर, आंधळ्या आतड्यात. म्हणजे पिंप दाराच्या नंतर. विष जिवाणूंपर्यंत पोचेस्तोवर त्यातलं बरंच रक्तात गेलेलं असतं. सशाने यावर अर्धा उपाय काढला आहे. तो आंधळ्या आतड्यात तयार झालेल्या मऊ, चिकट लेंड्या थेट शेपटीखालून तोंडात घेतो आणि गिळतो. नेहमीच्या कोरड्या लेंड्या वेगळ्या. फ्रान्समधल्या मोरो या पशुवैद्याने १८८२ साली हे नीट लिहून ठेवलं. त्यामुळे जिवाणूंनी बनवलेली प्रथिनं आणि जीवनसत्त्वं सशाला दुसऱ्या फेरीत मिळतात. म्हणूनच ससा गवतावर जगू शकतो आणि वाढत्या सशाच्या खाद्यात १६ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं पुरतात. पण पहिल्या फेरीत जे विष आत गेलं ते गेलं.

घोड्याचीही रचना अशीच आहे, पिंप दाराच्या नंतर. आणि लाखोळीला सगळ्यात हळवं जनावर कोणतं, तर घोडा. ब्रिटिश पशुवैद्यांच्या नोंदींमध्ये हिंदुस्थानातून गेलेली ही 'मटर' खाऊन मागचे पाय लटके पडलेले, श्वास घेताना घोरल्यासारखा आवाज करणारे गाडीचे घोडे भेटतात. बैलाला लाखोळीचं कुटार वर्षानुवर्षं घालणारा आमचा शेतकरी आणि घोडा गमावलेला तो इंग्रज गाडीवान, दोघेही आपापल्या जागी खरं बोलत होते. घोडा आणि ससा यांच्या पोटाची ही बरोबरी माझी मी लावलेली आहे. पण मावसभावाला 'बैलाला चालते ना, मग सशाला का नाही' याचं उत्तर द्यायला मला तेवढी पुरली.

माणसाकडे तर असं पिंपच नाही.

१६७१ साली जर्मनीतल्या व्युर्टेमबर्गच्या ड्यूकने हुकूम काढला की लाखोळीचं पीठ पावात मिसळायचं नाही, कारण त्याने पाय जातात. म्हणजे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या तीन वर्षं आधी युरोपात हे पक्कं माहीत होतं. नेपल्सच्या कान्तानी या वैद्याने १८७३ मध्ये रोगाला 'लॅथिरिझम' हे नाव दिलं. आणि या दोन तारखांच्या मधला सगळ्यात सविस्तर वृत्तान्त आमच्या उत्तरेला, सागर भागातून आलेला आहे. लिहिणारा विल्यम स्लीमन, ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून आपण ज्याला ओळखतो तोच. १८४४ साली छापलेल्या त्याच्या आठवणींत तो एका गावाची हकीकत देतो. १८२९ मध्ये गारपिटीने गहू गेला. १८३० मध्ये पाऊस वेळेवर आला नाही. १८३१ मध्ये रोग पडला. तीन वर्षं शेतात आपोआप उगवणारी तिवरा तेवढी टिकली आणि लोकांनी ती खाल्ली. १८३३ मध्ये तिशीच्या आतल्या मुलामाणसांचे कमरेखालचे पाय अचानक जायला लागले, आणि दोन वर्षांत गावातली जवळपास निम्मी तरुण मंडळी अधू झाली.

ही नोंद मी अनेकदा वाचली. तीन वर्षं दुसरं काही नव्हतं, हे त्यातलं मुख्य वाक्य आहे. विषाचा परिणाम त्यानंतरचा.

कारण लाखोळीचा हिशेब प्रमाणाचा आहे. आहाराचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त लाखोळी असेल, आणि ती सलग दोन-तीन महिने पोटात जात असेल, तरच पाय जातात. अधूनमधून वडे खाल्ले, वरणात मूठभर घातली, तर काही होत नाही. आमच्याकडे लाखोळीचे वडे आवडीने खाणारी तिसरी-चौथी पिढी ठणठणीत आहे. शिवाय तिच्यातलं विष पाण्यात विरघळतं. डाळ भिजत घालून, उकळून, ते पाणी फेकून दिलं तर मोठा भाग निघून जातो. पण दुष्काळात भिजवून फेकायला पाणी कुठून आणायचं? उकळायला सरपण कुठून? आणि यावरचा कडेलोट असा की पाण्याचा ताण पडला की झाड दाण्यात विष जास्त साठवतं. म्हणजे ज्या वर्षी ताटात दुसरं काही नसतं, त्याच वर्षी लाखोळी सगळ्यात घातक असते.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन मोठे दुष्काळ मध्य प्रांतावर लागोपाठ आले. आजचा गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता आणि भंडारा मध्य प्रांतात. अँड्र्यू ब्यूकॅनन या सरकारी डॉक्टरने १८९६ ते १९०२ या काळातल्या मध्य प्रांतातल्या लॅथिरिझमवर अहवाल लिहिला, तो १९०४ मध्ये नागपुरात छापला गेला. या रोगाबद्दल आपल्या भागातली ही सगळ्यात महत्त्वाची जुनी नोंद. नंतरच्या डॉक्टरांनी रुग्णांची जी वर्गवारी केली तिची नावं वाचून मी थांबलो. काठी न लागणारा. एका काठीचा. दोन काठ्यांचा. सरपटणारा. चार वर्ग, बस. बुद्धी शाबूत राहते, हात शाबूत राहतात, आयुष्यही कमी होत नाही. फक्त पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात आणि कधीच परत सुटत नाहीत.

स्पेनचा चित्रकार गोया याने माद्रिदच्या १८११-१२ च्या दुष्काळात लाखोळीचं पीठ घेणारी भुकेली माणसं कोरली आहेत. चित्राच्या नावातच लाखोळीचे आभार आहेत, आणि पुढे जमिनीवर एक बाई आडवी पडलेली. नेटवर सहज सापडेल, बघा.

पण माझ्या मावसभावाच्या प्रश्नाला सगळ्यात जवळची घटना वाप्न्यार्काची. दुसऱ्या महायुद्धात रुमानियाच्या ताब्यातल्या ट्रान्सनिस्ट्रियामध्ये ही छावणी होती. सप्टेंबर १९४२ मध्ये सुमारे १२०० ज्यू कैदी तिथे आणले गेले. त्यांना रोज साधारण ४०० ग्रॅम लाखोळी उकडून दिली जायची, सोबत थोडा पाव. ती लाखोळी जनावरांसाठी आणलेली होती. काही महिन्यांतच शेकडो कैद्यांचे पाय गेले. कैद्यांमध्येच आर्थर केस्लर नावाचे डॉक्टर होते, त्यांनी रोग ओळखला, कैद्यांनी ते अन्न नाकारलं आणि ते अखेर थांबवायला लागलं. युद्धानंतर केस्लर इस्राएलला गेले आणि त्या रुग्णांच्या मागावर पुढची कित्येक वर्षं राहिले. जनावराचं खाद्य माणसाला घातलं, एवढीच ती कृती. त्या खाद्यावर 'विष' असं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

विषाचं नाव सापडलं १९६४ मध्ये. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि सर्मा यांनी ते वेगळं काढलं. त्याला थोडक्यात ओडॅप म्हणतात. मेंदूकडून स्नायूंकडे निरोप नेणाऱ्या पेशींना ते खऱ्या निरोपासारखंच भासतं, पेशी सतत उत्तेजित राहतात आणि जळून जातात.

आता आमच्या घराबद्दल. आमच्याकडे पूर्वी शेती बऱ्यापैकी होती, सालदार असायचे. मी बाबांना विचारलं, तुमच्या लहानपणी लाखोळी कोण खायचं? त्यांनी सहज सांगितलं, धान कापणीच्या वेळी मजुरी धानात, आणि उन्हाळ्याच्या तोंडी लाखोळीत. पायलीने मोजून. घरात वरण तुरीचं व्हायचं. लाखोळी पणजोबा विकत नसत, ती 'गड्यांसाठी आणि बैलांसाठी' वेगळ्या कणगीत असायची. हे एकच नाव, गड्यांसाठी आणि बैलांसाठी, बाबांनी दोनदा उच्चारलं आणि त्यांना त्यात काही खटकलं नाही. मी विचारलं, कुणाचे पाय गेले होते का? ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, टोलीवर एक म्हातारा होता, दोन काठ्यांनी चालायचा. आम्हाला वाटायचं, वाताने गेले असतील.

त्या म्हाताऱ्याचे पाय कशाने गेले हे मला ठरवता येणार नाही. वातानेही गेले असतील. पण मजुरी लाखोळीत मिळण्याचा अर्थ ओडॅपच्या रसायनशास्त्रापेक्षा साधा आहे. ज्याच्या घरात तूर आणि लाखोळी दोन्ही आहेत त्याच्या ताटात लाखोळीचा वाटा कधी तिसऱ्या हिश्शावर जात नाही. ज्याला मजुरीच लाखोळीत मिळते, त्याला तो वाटा ठरवताच येत नाही. उत्तरेकडे रीवा-सतना भागात बांधील मजुरांना खेसारीत मजुरी देण्याची चाल होती आणि तिथेच लॅथिरिझमचे रुग्ण ढिगाने सापडले, हे साठच्या दशकातल्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं आहे. त्या मजुरांच्या बांध्यांतली लाखोळी आमच्या बांध्यांतल्या लाखोळीपेक्षा वेगळ्या जातीची नव्हती.

सरकारने यावर उपाय केला तो डाळीवर, मजुरीवर नाही. १९५५ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत १९६१ साली ४४-अ हे कलम आलं आणि खेसारीच्या विक्रीवर बंदीचा रस्ता उघडला. कुठल्या राज्यात कधीपासून, हे राज्यांनी ठरवायचं. महाराष्ट्रात बंदी होती. पेरायला बंदी नव्हती. म्हणजे पिकवा, पण विकू नका. याचा परिणाम काय होणार हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. लाखोळी बाजारातून गेली नाही, फक्त तिचं नाव गेलं. ती तुरीच्या डाळीत गेली, बेसनात गेली. मीठ-आम्ल टाकलं की भेसळीचा गुलाबी रंग दिसतो, हे शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात वाचलेलं तुम्हालाही आठवत असेल. ती भेसळ आमच्या बांधीतून निघते, हे पुस्तकात नव्हतं.

नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी ही बंदी उठावी म्हणून अनेक दशकं लढा दिला. उपोषणं केली, सत्याग्रह केले, लोकांसमोर लाखोळी खाल्ली. त्यांचं म्हणणं असं की पूर्व विदर्भातला गरीब माणूस ही डाळ पिढ्यान् पिढ्या खातो, ती स्वस्त आणि पौष्टिक आहे, बंदीने नुकसान त्याचंच झालं. या म्हणण्यात तथ्य आहे. आमच्या भागात कुणाशीही बोला, बंदीची टिंगल ऐकायला मिळेल. दुसऱ्या बाजूने शास्त्रज्ञांनी वेगळी वाट काढली: ओडॅप कमी असलेले वाण. दिल्लीतून रतन आलं, आमच्या शेजारच्या रायपूरच्या कृषी विद्यापीठातून प्रतीक आणि महातिवरा आले. यांच्यात ओडॅप ०.१ टक्क्याच्या आत असतं. २०१६ च्या सुरुवातीला आयसीएमआरने या तीन वाणांना अनुकूल मत दिल्याच्या बातम्या आल्या तेव्हा मोठी चर्चा झाली. त्याआधी २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत मात्र जुनीच बंदी जशीच्या तशी उतरवून घेतलेली होती, जुन्या कोडमधली एखादी ओळ कुणी न वाचता नव्या व्हर्जनमध्ये कॉपी व्हावी तशी.

मला कोठारींची बाजूही पटते आणि बंदी घालणाऱ्यांची भीतीही खोटी वाटत नाही, कारण दोघे वेगवेगळ्या ताटांबद्दल बोलत आहेत. एकाच्या डोळ्यांसमोर वडे आहेत, दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर कणगी.

मावसभावाकडे कमी विषाचं वाण आहे का, हे विचारलं. तो हसला. बियाणं त्याच्या आजोबांच्या काळापासून घरचंच. एका ओळखीच्या पशुवैद्यांना फोन लावला. त्यांनी सरळ सांगितलं, पिंजऱ्यातल्या सशाला निवड नसते, तुम्ही घालाल तेच तो रोज, वर्षभर खाईल, तेव्हा लाखोळीवर सशाचं खाद्य उभं करू नका. गाभण मादीला आणि पिल्लांना तर दाणाही नको. रानातला ससा दहा गवतं खातो, म्हणून कुठल्याच एका गवताचं विष त्याला बाधत नाही. हे ऐकताना मला सागरकडचं ते गाव आठवलं.

मग आम्ही खाद्याची नवी जुळणी केली. गोंदिया तांदळाचं शहर, गिरण्यांतून कोंडा निघतो. कोंड्यात १२ ते १४ टक्के प्रथिनं असतात. पण त्यात तेलही असतं आणि ते चार-आठ दिवसांत खवट होतं, म्हणून गिरणीतून ताजा आणायचा किंवा तेल काढलेला घ्यायचा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये घरामागे ससे पाळणाऱ्या क्लबांना सरकार कोंड्याचं रेशन देत होतं, हे त्याला सांगितलं तेव्हा त्याला फार गंमत वाटली. विहिरीजवळच्या तुकड्यात त्याने बरसीम लावला. सुबाभळीचा पाला आठवड्यातून एखाद्या वेळी, मूठभर. सोयाबीनची पेंड पूर्वीच्या निम्मी, ती मात्र चांगली भाजलेली. शिवाय गवत हवं तेवढं, कारण सशाचं पोट चालू ठेवतं ते गवत. हिशेब बसला. खर्च थोडा कमी झाला, फार नाही.

उरली चार पोती लाखोळी. मार्चमध्ये गावात व्यापाऱ्याची गाडी आली तेव्हा त्याने ती विकून टाकली. व्हॉट्सॲपवर मला पावतीचा फोटो पाठवला. पावतीवर मालाच्या रकान्यात 'पशुखाद्य' लिहिलेलं होतं. मी फोन करून विचारलं, कुठल्या जनावरासाठी घेतात? तो म्हणाला, ते नाही विचारलं भाऊ, पण भाव चांगला देला, आणि दाणे चाळून, निवडून घेतले त्याने. दाल मिलमध्ये पाठवते म्हणे.